कोंड्याच्या बरणीतला हात

जवळ ये. अशी नाही, अजून जरा सरक. कागदावरून का होईना, पण जवळ बसून ऐक, कारण आज मी तुला रागावणार आहे, आणि लांबून रागावलं की ते भांडण वाटतं. परवा फोनवर तू काय म्हणालीस? आजी, ते बरणीतलं सडकं आता फेकून दे, घरभर वास येतो. सडकं! अगं, दात येत होते तेव्हा त्याच बरणीतली काकडीची फोड चोखत तू अंगणभर फिरायचीस. हातातून काढून घेतली की रडायचीस. ती बरणी तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. मोठ्यांना वास येतो म्हणून कुणी फेकून देतं का?

मी फोन ठेवून दिला. लिहायला बसले की सुचतं. तेव्हा आता सगळं ऐक आणि मग ठरव, फेकायची का ठेवायची.

आमच्याकडं तालुके मोडून मंडल झाले, त्या सुमाराची गोष्ट. आपला मळा तेव्हा आदिलाबादला लागूनच होता. आता तिथं टायरची दुकानं आहेत. तुझा बाप दुसरीत होता. मी रोज सकाळी टोपलं घेऊन बाजारात बसायची. मुळे, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, अंबाडीच्या जुड्या. दिवाळी होऊन गेली होती, थंडी नुकती पडायला लागलेली. तर एक दिवस एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. बुटकी, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, पायात मोजे आणि मोज्यावर रबरी चप्पल. आमच्या बाजारात मराठी, तेलगू, उर्दू सगळं चालायचं, पण असा चेहरा कुणी पाहिला नव्हता. माझ्या बाजूला भेदरंवाली, म्हणजे टमाटेवाली, बसायची, ती म्हणाली, नेपाळी असंल, स्वेटर विकाले आली. मग म्हणे, पण हिचं गाठोडं कुठं हाये?

म्हातारीनं माझा एक मुळा उचलला. पानाचं देठ मोडून पाहिलं, मुळ्याला नाक लावलं, ठेवून दिला. दुसरा उचलला, ठेवून दिला. असे झाडून सगळे. मी म्हटलं, "काऊन वो बाई, माह्या मुळ्यानं काय केलं तुमचं?"

तिला काय कळणार? तिनं एका मुळ्यात नख खुपसलं आणि आतली जाळी मला दाखवली. मुळा जून होता. आदल्या सांजेला उपटलेला होता, तेही तिनं पानावरून ओळखलं असावं. मला राग आला तो याचा की तिचं खरं होतं. मी रात्रभर त्या नखाचा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दवात उभं राहून तीन कोवळे मुळे उपटले आणि मातीसकट तिच्या घरी घेऊन गेले. घर शोधायला लागलं नाही. रेशीमवाल्या साहेबाचा भाड्याचा बंगला सगळ्यांना ठाऊक होता.

साहेब तिचा मुलगा. जपानातून त्याला इकडं दोन वर्षांसाठी धाडलं होतं. उटनूरकडच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर रेशमाचे किडे पाळतात ना, त्याचं काम बघायला. सोमवारी जीपनं जायचा तो शनिवारी परत यायचा. बायको-लेकरं शाळेपायी तिकडंच. इथल्या तिखटानं त्याचं पोट बिघडलं, दोनदा सलाईन लावावी लागली. म्हणून म्हातारी स्वतः विमानात बसून आली. पण तिचं काळीज नाजूक होतं, मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन तिला सोसणार नाही असं डॉक्टरांनी आधीच बजावलेलं. म्हणजे तिच्या हातात सहा महिने होते. सहा महिन्यांत तिला कुणीतरी बाई तयार करायची होती, जी तिच्यामागं तिच्या मुलाला नीट जेवू घालील. साहेब मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्यानं मला हे सगळं सांगितलं आणि म्हातारी माझ्या मातीच्या मुळ्यांकडं बघत राहिली. बाकीच्या बायका तिनं नापास केल्या होत्या. मला तिनं मुळ्यावरून घेतलं.

घरी सांगितलं तर तुझी पणजी, म्हणजे माझी सासू, चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "साठ-साठ भाकरी थापणाऱ्या बाईले आता कोण रांधणं शिकवते? जाय, पाहून ये. पण तिथलं तोंडात घालू नको."

तोंडात घालू नको हे पहिल्याच दिवशी मोडलं.

म्हातारीला आमच्या तीन भाषांतले मिळून पंधरा-वीस शब्द यायचे. त्यातला तिचा सगळ्यात लाडका शब्द तेलगू होता. भांडी घासायला येणाऱ्या तेलगू बाईकडून तो ती शिकली होती. मळ्ळी. म्हणजे पुन्हा. तिच्या जिभेला ळ वळायचा नाही, म्हणून ती 'मर्री' म्हणायची. मला 'मुरा' म्हणायची, मुळ्यावरून. सकाळी मी दारात पाय ठेवला की 'मुरा', आणि त्यानंतर सूर्य डोक्यावर येईपर्यंत 'मर्री'.

भात धुतला, मर्री. आपण तांदूळ दोन पाण्यांत धुतो, तिची सहा पाण्यं व्हायची, तीही तळहाताच्या टाचेनं हलके दाबून. झाकण ठेवलं की काढायचं नाही. मी आपली सवयीनं वाकून बघायची, भात झाला का. तिनं लाकडी चमचा माझ्या बोटांवर मारला. जोरात नाही, पण मारला. मी दोन लेकरांची आई, नवऱ्यानं कधी बोट लावलं नव्हतं, आणि ही परकी म्हातारी मला चमच्यानं मारते! मी पदर खोचून दारापर्यंत आले. मागं वळून बघितलं तर ती झाकणाला कान लावून उभी. मला हातानं बोलावलं. मीही कान लावला. आत आधी बुडबुड, मग फुसफुस, मग बारीक तडतड, आणि मग काही नाही. 'काही नाही' झाल्यावर तिनं आच काढली. बघायचं नसतं, ऐकायचं असतं. मी घरी येऊन तुझ्या पणजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, भाकर फुगल्यावर मी काय डोळ्यानं पाहतो? मग आम्ही दोघी हसलो.

मुळा चिरायचा तर सुरीनं, उभं राहून. मी जन्मभर विळीवर बसून चिरलेलं. मी माझी विळी घेऊन गेले एक दिवस आणि मुळ्याचा असा केसासारखा कीस पाडला की बाजारातल्या बायांनी तोंडात बोट घातलं असतं. म्हातारीनं बघितला. मान हलवली. मला वाटलं, जिंकले. मग तिनं सुरीनं मुळा असा सोलला की सालीसारखी एकच लांब पट्टी निघत गेली, पातळ, तिच्यातून खिडकी दिसावी इतकी. ती पट्टी गुंडाळून तिनं बारीक कापली आणि दोन्ही कीस पाण्यात टाकले. तिचा पाण्यात उभा राहिला, ताठ. माझा लोळला. मर्री.

ती पट्टी मला यायला दीड महिना लागला. तेवढ्या दिवसांत आपल्या म्हशीनं मुळ्याचे तुकडे पोटभर खाल्ले.

आणि चव घ्यायची. हे मला सगळ्यात जड गेलं. आपण रांधताना चव घेत नाही, उष्टं होतं. मीठ बरोबर आहे का हे मी वाफेच्या वासावरून सांगायची, अजून सांगते. म्हातारी दर पायरीला बशीत दोन थेंब घालून माझ्या तोंडापुढं धरायची. तिचं एक वाळवलेल्या माशाचं ढलपं होतं, हुबेहूब लाकूड. सुताराच्या रंध्यावर घासावं तसं ते घासायचं आणि त्याच्या भुशाचं पाणी करायचं. त्या पाण्यावर तिचा सगळा स्वयंपाक उभा. मी नाक धरायची. साहेबानं सांगितलं, माँ म्हणते, तू तोंड बंद ठेवून शिकते आहेस, म्हणजे अर्धंच शिकते आहेस. त्या दिवशी मी बशीतले दोन थेंब तळहातावर घेतले आणि तीर्थासारखे प्यायले. तळहातावर घेतलं की उष्टं नाही, असं मीच ठरवलं. तिनंही चालवून घेतलं. काय सांगू, वासाला मासा आणि चवीला काहीतरी अगदी शांत.

आता बरणी. तिची खरी जीव की प्राण ती बरणी.

तिच्या आईच्या घरची कोंड्याची बरणी होती, लोणच्याची. तिच्यातला मूठभर कोंडा डब्यात घालून ती विमानातून घेऊन आली होती. इथं आल्यावर तिनं बाजारातून चिनी मातीची बरणी आणली आणि मला गिरणीवर पाठवलं, तांदळाचा कोंडा आण म्हणून. गिरणीवाला म्हणाला, म्हैस घेतली का वहिनी अजून एक? मी काय सांगणार? त्या कोंड्यात तूस असतं, ते म्हातारीला चालेना. तीन वेळा चाळला, कोरडा भाजला, मीठ घातलं, पाणी घातलं, सुक्या मिरच्या, समुद्रातल्या एका पाल्याचे तुकडे, आणि त्यात आईकडचा तो मूठभर जुना कोंडा कालवला. ओल्या वाळूसारखं झालं. त्यात काकडी, वांगं, मुळा पुरून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी काढून धुऊन खायचा. आंबट, खारट, आणि मागून एक गोडसर चव. एवढं खाल्लं की साहेबाचं पोट जागेवर राहायचं, असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. उटनूरला जाताना डब्यात भाताचे मुटके आणि हे लोणचं असलं की तो आठवडाभर ठणठणीत. एका खेपेला नेलं नव्हतं, तर बुधवारीच परत आला होता, पिवळा होऊन.

पण त्या कोंड्याची एक अट होती. रोज हातानं तळापासून वर ढवळायचा. थंडीत एकदा, उन्हाळ्यात दोनदा. चमच्यानं नाही, उघड्या हातानं. एक दिवस चुकला तर तो रुसतो, दोन दिवस चुकला तर आजारी पडतो, आणि पुढं मरतो. ढवळून झालं की वरून थापटून सपाट करायचा आणि बरणीची कड फडक्यानं पुसायची. कड पुसली नाही तर मर्री.

होळीनंतर दोघांना हैदराबादला जावं लागलं. त्यांच्या परदेशी कागदांची मुदत संपत आली होती आणि कचेरीत कुणीतरी म्हणालं, स्वतः या. अकरा दिवस. म्हातारीनं मला बंगल्याची किल्ली दिली आणि बरणीपुढं उभं केलं. माझा उजवा हात धरला, बरणीवर ठेवला, आणि डाव्या हातानं बाकी सगळ्या जगाला 'नाही' म्हटलं. म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात नको. मी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी मला अडचण आली.

तुला हे सांगायला लागेल, कारण तुझ्या आईनं तुला कधी बाजूला बसवलं नाही. आमच्या वेळी चार दिवस मागच्या ओसरीवर. चटई वेगळी, ताट वेगळं. चुलीकडं जायचं नाही, आणि लोणच्याला तर नाहीच नाही. अशा बाईची सावली पडली तरी लोणच्याला बुरशी येते, असं तुझ्या पणजीचं म्हणणं. आणि तिचं आंब्याचं लोणचं दोन-दोन वर्षं टिकायचं, म्हणून तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. मी तर कधी शंकाही घेतली नाही. उलट मी त्या ओसरीवर बसून स्वतःवर खूश होते. म्हातारीची बरणी मी जिवापाड जपते आहे! दुसऱ्या कुणाचा हात नको म्हणाली म्हणून जावेलाही पाठवलं नाही. माझा हात विटाळलेला, म्हणून मीही गेले नाही. चैत्रातलं ऊन, बंद बंगला, आणि आत ती बरणी एकटी.

पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून मी गेले. झाकण काढलं. वर सुरकुतलेली पांढरी साय आणि रंगाच्या डब्यासारखा वास. डोळ्यांत पाणी आलं ते वासानं का कशानं, सांगता येणार नाही. मग मी काय करावं? आपल्याकडं लोणचं बिघडायला लागलं की ऊन दाखवतात. मी बरणी उचलून गच्चीवर ठेवली. दोन दिवस ऊन दाखवलं. आता विचार केला तर हसू येतं, पण तेव्हा मी ती बरणी सगळ्या बाजूंनी मारत होते, आणि तेही मनापासून.

ते परत आले तेव्हा म्हातारी दारातच थांबली. नाक वर केलं. चपला न काढता, कधी नव्हे ते, थेट स्वयंपाकघरात गेली. बरणी उघडली. वरची साय बोटानं बाजूला केली. मर्री म्हणाली नाही. मला वाटलं होतं, चमचा उचलेल, ओरडेल. तिनं माझ्याकडं वळून एकच शब्द उच्चारला. तिला येणाऱ्या मोजक्या मराठी शब्दांतला एक, 'का' म्हणून विचारायचा, भाजीबाजारात माझ्याच तोंडून ऐकलेला.

"काऊन?"

मी खोटं बोलले. हात कपाळाला लावून म्हटलं, बुखार. बहुत बुखार.

यापेक्षा तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, मला खुर्चीवर बसवलं, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत, स्वतःलाच रागवत असावी, प्रवासाचं लुगडं, म्हणजे तिचा तो झगा, न बदलता माझ्यासाठी भाताची पेज करायला लागली. सहा पाण्यांनी तांदूळ धुऊन. पेजेत तिनं तिच्या गावाहून आणलेलं खारवलेलं लाल फळ घातलं, आपल्या लिंबाच्या लोणच्याच्या वरताण आंबट. तशी सात-आठ फळं तिच्याकडं उरली होती, हे मला ठाऊक होतं. ती चमच्यानं मला भरवायला लागली आणि मी तिचा हात बाजूला सारला.

साहेब बाहेर जीपमधलं सामान उतरवून घेत होता. आम्ही दोघीच होतो. मी उठले आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्या महिन्यातल्या चार दिवसांवर बोट ठेवलं. मागच्या महिन्यातल्या चार दिवसांवर ठेवलं. त्याच्या मागच्या महिन्यातल्या. ती बघत राहिली. मग मी कोपऱ्यात जाऊन पाय दुमडून बसले, ताट वेगळं घेतलं, चुलीकडं बोट दाखवून 'नाही' केलं, बरणीकडं दाखवून 'नाही, नाही' केलं, आणि माझा उजवा हात पदरात लपवला.

तिला कळलं. तिचे डोळे आधी बारीक झाले, मग ती भिंतीला टेकली आणि हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला समजेना की मी हसावं का रडावं. पुढच्या शनिवारी तिनं मुलाकरवी मला सांगितलं की तिच्या गावी तांदळाची दारू गाळायचं मोठं घर होतं, आणि तिथं बायांना पाऊल टाकू देत नसत, दारू नासते म्हणून. तरुणपणी ती उंबऱ्याबाहेरून डबे द्यायची. साहेब हे सांगत होता आणि आई मध्येच गावाची गोष्ट का सांगते आहे ते त्याला उमगत नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत नव्हतो.

पण त्या दिवशी, हसून झाल्यावर, तिनं बाह्या वर केल्या. वरची साय आणि त्याखालचा चार बोटं कोंडा खरवडून टाकून दिला. अजून खरवडला. मग बरणीच्या अगदी तळातून मूठभर काढला, हुंगला, मला हुंगायला दिला. त्याला अजून तो जुना, आंबवलेल्या पिठाचा वास होता. तेवढाच जिवंत होता. त्याच्याभोवती नवा भाजलेला कोंडा, मीठ, आणि मोहरीची पूड. मोहरी बघून मी चमकले. लोणचं सांभाळायला मोहरी, हे आमचं तंतोतंत जुळलं. शेवटी तिनं माझा पदरात लपवलेला हात बाहेर ओढला आणि कोपरापर्यंत बरणीत घातला.

खरी परीक्षा पुढच्या महिन्यात होती, आणि ती आम्हा दोघींनाही माहीत होती. ती वैशाखात जाणार. तिच्यामागं दर महिन्याला ते चार दिवस येणार. ती तिथं असताना माझा हात गेला नाही, तर नंतर काय जाणार? मग बरणी मरणार, आणि साहेब पिवळा होऊन उटनूरहून परत येत राहणार.

पहिल्या दिवशी सकाळी मी मळ्यात पाण्याला जाते असं घरी सांगून निघाले. मला देवाची भीती वाटली नाही, खरं सांगते. भीती एवढीच होती की तो मूठभर वाचलेला कोंडा माझ्या हातानं मरेल, आणि मग तुझ्या पणजीचं खरं ठरेल. म्हातारी बरणीपासून लांब, खिडकीशी बसली होती. मदतीला उठली नाही. मी हात घातला. तळापासून वर, तळापासून वर. थापटलं. कड पुसली. दुसऱ्या दिवशी हात घातला. तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी, मी पहिल्या दिवशी पुरलेल्या काकड्यांतली शेवटची काढली, धुतली, कापली, आणि ताटली तिच्यापुढं ठेवून उभी राहिले. तिनं एक फोड खाल्ली. सावकाश. दुसरी खाल्ली. ताटली रिकामी केली. मग ती रिकामी ताटली माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "मर्री."

मला कळायला क्षणभर लागला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या शब्दाचा अर्थ, अजून वाढ, असा होता.

ती गेली तेव्हा बरणी इथंच ठेवून गेली. तिच्या डब्यात मूठभर कोंडा तेवढा परत नेला, आदिलाबादचा. साहेब पुढं वर्षभर राहिला, त्याला मी शेवटच्या दिवसापर्यंत जेवू घातलं, आणि त्याला पुन्हा सलाईन लागली नाही. तो गेल्यावर बरणी मी डोक्यावर घेऊन घरी आणली. आता लपवणं शक्य नव्हतं. मी तुझ्या पणजीला सगळं सांगितलं. चार दिवसांचंही. ती चुलीपुढून उठली. मग बरणीभोवती फिरली, वाकून हुंगलं, नाक मुरडलं.

"यात आपलं लोणचं नाई ना?"

मी म्हटलं, "नाई."

"मंग घाल हात. त्या जपानी कोंड्याले आपला इटाळ काय समजते?"

अशी आपल्या घरात पहिली फट पडली, आणि ती त्या बाईनं स्वतः पाडली, जिला शेवटपर्यंत वाटत होतं की तिनं नियम सांभाळला. पुढं काही वर्षांनी तुझ्या आत्याच्या पहिल्या बाळंतपणाला मला किनवटला महिनाभर राहावं लागलं. मी बरणीची आशा सोडली होती. परत आले तर कोंडा जिवंत, वर सपाट थापटलेला, कड पुसलेली. मी विचारलं, कुणी ढवळला? तुझी पणजी म्हणाली, कोंडा म्हशीले घालाले गेली होती, तर म्हटलं राहू दे. आणि ताटातली बरणीतल्या वांग्याची फोड तिनं भाकरीखाली सरकवली, पण मी बघितली. तिच्यानंतर तिचं आंब्याचं लोणचं मी घालते. महिन्याच्या कुठल्याही दिवशी घालत आले. दोन-दोन वर्षं टिकतं.

म्हणजे आता तुला कळलं असेल, फेकून दे म्हटल्यावर मी फोन का ठेवला.

आता ऐक माझी अडचण. पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, महिनाभर खाली वाकायचं नाही, डोळ्यावर जोर येतो. बरणीचं तोंड माझ्या गुडघ्याशी येतं, वाकल्याशिवाय तळ लागत नाही. तुझी आई करते म्हणाली, पण तिला ओकारी येते, आणि नाक धरून एका हातानं ढवळलं तर कोंडा तळाशी तसाच राहतो. तुझे हात माझ्यासारखे आहेत, लांब बोटांचे. कॉलेजला सुट्ट्या आहेत ना? मग येताना झाकणाचा एक डबा घेऊन ये. महिनाभर इथं ढवळ, आणि जाताना अर्धा कोंडा तुला देते, हैदराबादला ने. तू ढवळशील तेव्हा मला रोज दोनदा बरणीपुढं उभी राहून सांगता येईल, मर्री. आणि मध्ये तुझे ते चार दिवस आले तर बाजूला बसू नकोस, तेव्हाही हात घाल. ये ग लवकर. काकडी पुरून ठेवते.